तेरापैकी एक

अण्णांच्या दाढीच्या सामानात, तुरटीच्या खड्यामागे
तपकिरीची डबी निघाली.
आत तेरा रुपये. काळे, चिकट,
एकमेकांना धरून बसलेले.

हेमंत म्हणाला, सराफ बाजारात वजनावर देऊन टाकू,
अर्धे तुझे, अर्धे माझे.
तेराचे अर्धे कसे करायचे ते त्यालाही सुचेना.
तेवढ्यात मी डबी पर्समध्ये टाकली
आणि गंगापूर रोडला क्षेमकल्याणी सरांकडे गेले.

सरांनी आधी मला हात धुवायला लावले.
"कडेनं धरा. राणीच्या गालाला बोट नको.
आणि हा काळा थर म्हणजे मळ नव्हे,
चांदीचं वय आहे ते. घासलंत की गेलं."

मी गप्प राहिले.
दर धनत्रयोदशीला आई चिंच आणि राख घेऊन
मोरीत बसायची,
आणि राणीचं नाक वर्षाला थोडं थोडं
गटारातून गोदावरीकडे जायचं.
सरांनी भिंग लावलं, म्हणाले,
"लक्ष्मीपूजन जोरात असतं वाटतं तुमच्याकडे?"

मग एकेक.
हा अठराशे बासष्टचा. कडेला डाग दिसतो?
कुणाच्या तरी गळ्यात होता हा,
कडी तोडून पुन्हा बाजारात आणलाय.
हे पंचम जॉर्जचे, नऊ, सगळे सारखे.
हा चव्वेचाळीसचा. यात चांदी निम्मीच,
लढाईत राजाही दुधात पाणी घालतो.
आणि हा जाडा, वेडावाकडा,
फारसी अक्षरं निम्मी नाण्यावर, निम्मी हवेत.
सर खुर्ची पुढे ओढून बसले.
"गुलशनाबाद," म्हणाले. "म्हणजे हेच. आपलं नाशिक."
अंगावर बारीक टोचे. फूल, चांदणी, नुसताच ठिपका.
ज्या ज्या सराफाला शंका आली
त्यानं त्यानं मारून पाहिलेला ठसा.

इतक्यांदा तपासलं गेलेलं माणूस
मी एकच पाहिलंय.
अण्णा नोटांच्या प्रेसला होते, नाशिकरोडला,
एकतीस वर्षं.
फुटलेली शाई, सरकलेला आकडा,
दिवसभर ताव उलटत दुसऱ्यांच्या पैशातल्या चुका शोधायच्या,
आणि संध्याकाळी फाटकावर हात वर करून
झडती देऊन
रिकाम्या डब्यासकट घरी.

तेरावा सरांनी काट्यावर ठेवला. उचलला. पुन्हा ठेवला.
बाकीचे साडेअकरा ग्रॅमच्या आसपास,
हा नऊसुद्धा भरेना.
"माफ करा," म्हणाले, जणू त्यांनीच पाडला होता,
"हा खोटा आहे."

मला माहीत होतं.
डबीच्या तळाशी चिठ्ठी होती, अण्णांच्या अक्षरात:
*खोटा. दादांना त्रेचाळीस साली हंड्याच्या पैशांत आला.
तांबट आळीत ठोक्यांच्या आवाजात कळला नाही.
रात्री दुकान निजल्यावर वाजवून पाहिला.
पुढे कुणाला दिला नाही.
देऊ नये.*

शेवटच्या दोन शब्दांखाली पेन्सिलची रेघ.
लाल. प्रेसमधली.

सरांनी चिठ्ठी दोनदा वाचली.
मग जाड कागदाची पाकिटं काढली. प्लॅस्टिक नको,
रबर नको, वर्तमानपत्राची घडी तर अजिबात नको,
आणि देवघरापासून, जमलं तर, लांब.
प्रत्येकावर साल, वजन, टांकसाळ.
बारा झाली. मी तेरावं मागितलं.
टांकसाळीपुढे पेन थांबलं त्यांचं.
"काय लिहू?"
"तांबट आळी," मी म्हटलं. "इथवर."

रात्री हेमंतचा फोन. किती निघाले खरे?
बारा. सहा तुझे, सहा माझे.
आणि तो?
मी चिठ्ठी वाचून दाखवली.
पलीकडे टीव्ही चालू होता, तो बंद झाल्याचं ऐकू आलं.
बऱ्याच वेळानं म्हणाला,
एक वर्ष तुझ्याकडे, एक वर्ष माझ्याकडे,
चालेल?

चालेल.
पण वहिनीला सांग,
घासायचा नाही.