अकरा मिनिटं

सातपूरच्या गाळ्यात चौतीस वर्षं मी साचे कापले.
झाकणं, पंख्याची पाती,
थर्माकोलच्या वाट्या. हो, त्यासुद्धा.
केसभर चुकलं तर रात्री डोळा लागायचा नाही.
बनेल ते टिकलं पाहिजे, एवढंच शिकलो होतो.

मग नफिसा आली, खांद्यावर पोतं.
आत पिंपळगावच्या द्राक्षबागेतल्या काड्या,
ऑक्टोबर छाटणीच्या,
एरवी बांधावर पेटवून देतात त्या.
म्हणाली, मिस्त्री, याची वाटी होईल.
साचा तुम्ही द्या.

काड्या दळल्या. मक्याच्या पिठाची खळ केली.
घमेल्यात धिरड्याच्या पिठासारखं
करडं, ओलं काहीतरी.
तापल्या साच्यात पडलं की ते सुस्कारा टाकतं,
आणि त्या सुस्काऱ्याला वाट लागते.
जन्मभर भोकं बुजवली,
आता बसून बारीक सुईएवढी भोकं पाडत होतो
वाफेसाठी.

पहिली वाटी पापडासारखी फुटली.
बाविसावी साच्याला चिकटली, खरवडून काढली.
सदतिसावी तळहातावर आली तेव्हा
वजनच लागेना.
वास मात्र भाजल्या कणसाचा.

नाशकात परीक्षा एकच.
कोपऱ्यावरच्या वैजूबाई पातेलं घेऊन आल्या,
उकळता रस्सा, वर बोटभर तर्री.
मोबाइलवर घड्याळ लावलं.
प्रेसवाला सुपडूसुद्धा हात पुसून उभा.
नऊ. दहा.
अकराव्या मिनिटाला तळाला घाम फुटला,
आणि रस्सा नफिसाच्या वहीत,
सगळ्या आकड्यांवर.

वैजूबाईंनी शांतपणे पातेलं झाकलं.
माझं गिऱ्हाईक आठ मिनिटांत पाव पुसून उठतं, म्हणाल्या.
त्याहून जे बसतं, ते उधारीचं.

फुटक्या वाट्या मी मागच्या खड्ड्यात पुरत गेलो,
प्रत्येकीला नंबराचा प्लास्टिकचा बिल्ला,
नोंद राहावी म्हणून.
संक्रांतीच्या सुमाराला उकरलं.
माती. दोन-चार गांडुळं.
आणि सदतीस बिल्ले, कोरे करकरीत.

मी तिथेच उकिडवा बसून राहिलो.
आपण केलेली वस्तू सापडत नाही
याचा आनंद कसा करायचा असतो,
कुठल्या उस्तादानं शिकवलं नव्हतं.

नफिसा म्हणते, अजून चार मिनिटं हवीत.
साचा पुन्हा खोललाय.
बिल्ले खिशात वाजतात.