चौदा-बत्तीस

या जमिनीचे आकडे आधी सात आणि बारा होते.
आता एका टोकाला चौदा, दुसऱ्या टोकाला बत्तीस,
पांढऱ्या रंगात, माणसापेक्षा उंच,
वरून वाचायचे आकडे.
खालून ते नुसते पट्टे.

माझं काम पाखरं हाकलायचं.
नेमणुकीच्या कागदावर काही भारी नाव आहे,
पण आईनं विचारलं, काय करतं रे तू तिथं,
तर मी म्हटलं, राखण.
हसली.
"म्हणजे तुहा आजा करे तेच.
त्याच्यापाशी गोफण होती."

मला फटाके मिळतात, एक भोंगा, आणि वही.
वेळ, पक्षी, संख्या, काय केलं.
५.४०, घार, तीन, फटाका.
६.१५, बगळे, अकरा, भोंगा.
७.०५, मोर, एक.
तो आपणच गेला, चालत, कुणाला न विचारता.
पण तसं लिहिता येत नाही.
म्हणून: भोंगा.

डिसेंबरात राजधानी येते.
एकेकाळी इथंच नांदायची म्हणतात,
आता पंधरा दिवस येते, माहेरपणाला आल्यासारखी,
फायलींचे गठ्ठे, स्वेटर घातलेले सचिव,
आणि परतताना संत्र्यांच्या पेट्या.
त्या दिवसांत घारीलेही पास लागते, शालिक म्हणतो.
शालिक नेवारे, रात्रपाळी.
आमची भेट होते ती वहीतच.

गेटबाहेर चहाची टपरी आहे, तिथं बावणेबुवा बसतात.
त्यांच्या बापानं टपालाच्या थैल्या उचललेल्या.
दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास,
चार दिशांची चार विमानं मध्यरात्री सोनेगावात,
तोंडाला तोंड लावून उभी,
थैल्यांची अदलाबदल, आणि उजाडायच्या आत चारी गायब.
"अख्ख्या देशाच्या चिठ्ठ्या आपल्या नागपुरात घटकाभर टेकत,
आन् आपल्याले पत्ताच नाही," बुवा म्हणतात,
आणि बशीत चहा ओततात.

नवतपा लागला की धावपट्टीवर पाणी दिसतं.
सगळ्यांनाच दिसतं, त्यात काही नाही.
पण बत्तीसच्या अलीकडे, तिसऱ्या दिव्यापाशी दिसतं
तिथं खरंच विहीर होती.
आईला मी हे सांगितलेलं नाही.

तिथंच, बुजवलेल्या गिट्टीवर, टिटवीनं अंडी घातली.
चार.
मातकट, डागांची, गिट्टीसारखीच.
टोकं आत वळवलेली, डोकी जुळवून कुणी काही ठरवत असावं तशी.
मी दोनदा त्यांच्यावरून पाय टाकून गेलो होतो.
ती डोक्यावर घिरट्या घालत शिव्या देत होती,
शेहेचाळीस डिग्रीत, तोंड उघडं टाकून.

नियम साधा आहे. उचलायची, साहेबांना कळवायचं.
टेंभुर्णे साहेब वाईट माणूस नाही,
पण एका विमानात एकशे ऐंशी जीव असतात
आणि त्यांचं म्हणणं खरंच आहे.
मी लिहिलं: ११.२०, टिटवी, दोन, फटाका.
फटाका खिशातच होता.

दुसऱ्या दिवशी शालिकच्या अक्षरात:
४.१०, टिटवी, दोन, फटाका.
तोच दिवा. तीच जागा.
आम्ही यावर बोललो नाही.
विमान उतरायच्या वेळी मी जीप तिथं आणून लावायचो,
कडेच्या गवतापाशी, इंजिन बंद करून.
कशासाठी, मलाही सांगता येणार नाही.
आई म्हणते, टिटवी पाय वर करून निजते,
आभाळ पडलंच तर झेलायला.
माझ्या डोक्यावरून दिवसात तीसेकदा आभाळ उतरतं,
चाकं काढून, कानठळ्या बसवत.
ती हलली नाही.

सव्वीस दिवस दोघांनी खोटं लिहिलं.
मग एका सकाळी वही उघडली.
शालिकचं अक्षर जरा घाईतलं.
५.०५. टिटवी.
संख्या: पाच.
काय केलं: भोंगा.

भोंगा तर चार दिवसांपासून बिघडलेला,
माझ्याच कपाटात.