पाष्टे उदय गंगाराम

मनामाला टेबल टेनिसची स्पर्धा होती.
गळ्यात घालायची कार्डं मी छापत होतो,
पत्र्याच्या केबिनमध्ये, एसी अठरावर,
बाहेर चव्वेचाळीस.

पहिल्या दिवशी हॅमिश आला. सित्र्याच्या रिफायनरीतून निवृत्त,
मग इथेच राहिलेला, तोंड भाजल्या कोळंबीसारखं.
पुठ्ठ्यावर रंगवून आणलं होतं: कम ऑन तांग!
तो ओरडला, आणि तीन मुलींनी माना वळवल्या,
एका प्रशिक्षकानंही.
मधल्या सुट्टीत मला विचारतो, तिघी बहिणी का?
एकाच नावाच्या?
म्हटलं, नाव नाही, आडनाव. त्यांच्यात ते आधी येतं.
म्हणजे दोन वर्षं मी तिला लाडानं
आडनावानं हाक मारतोय?
हो, म्हटलं.
आमच्या पाष्टेवाडीत उभं राहून कुणी 'पाष्टे' ओरडलं
तर गोठ्यातली गुरंसुद्धा वळून बघतील.
त्याला वाडी कळली नाही. गुरं कळली.

दुसऱ्या दिवशी नवा पुठ्ठा: कम ऑन रुओलिन!
पण तोवर कॉम्प्युटरलाही शहाणपण सुचलेलं.
युरोपातून आलेला प्रोग्रॅम, त्यानं सगळ्यांची आडनावं
शेपटासारखी मागं लावली,
ज्यांची आधीच मागं होती ती पुढं आणली.
फळ्यावर एक नाव, कार्डावर दुसरं,
समालोचक तिसरंच बोलत होता,
मोठ्या आत्मविश्वासानं.

मी कुणाला हसू?
एकोणीस वर्षं इथं मी मिस्टर गंगाराम आहे.
फॉर्मच्या मधल्या रकान्यात बाप लिहिला,
कारकुनानं तेवढाच उचलला.
अरबी लिपीत ग नाही,
त्यामुळे गंगा घशातून येते: घंघाराम.
बँकेत घंघाराम, दवाखान्यात घंघाराम.
साहेबाला त्याच्या मुलावरून बू जासिम म्हणतात,
मला बापावरून. आमच्या दोघांत
स्वतःच्या नावाचा कुणीच नाही.

बाबांनी दाभोळची खाडी सोडून
दुसरं पाणी ओलांडलं नाही.
होडीत बसले की डोळे मिटून घ्यायचे.
ते गेले त्या आठवड्यात मला रजा मिळाली नाही,
आणि पगाराच्या खिडकीतून कुणीतरी ओरडत होतं,
घंघाराम, सही राहिली तुझी.

तिसऱ्या संध्याकाळी ती स्वतः आली. तांग रुओलिन.
घाम तसाच, बोटाला चिकटपट्टी.
कार्ड काचेवर ठेवलं. इंग्रजी तिचं माझ्याहून थोडं.
पहिल्या शब्दावर बोट ठेवून मान हलवली.
मग दोन्ही तळव्यांचं छप्पर केलं,
ते मोडलं,
आणि एक बोट उभं केलं.
घर आधी. मग मी.

नवं कार्ड काढून दिलं. प्लास्टिक गरम होतं,
तिनं फुंकर घातली.
मग माझ्याकडं बोट: तू?
छातीवरचं कार्ड दाखवणार होतो,
पण हात कोऱ्या कागदाकडं गेला
आणि रोमन अक्षरांत मी लिहिलं,
मास्तर हजेरी घ्यायचे त्या क्रमानं,
आधी आडनाव, मग मी, मग बाबा.
तिनं पहिला शब्द वाचला. पा-श्-ते.
'हजर,' माझ्या तोंडून गेलं.

तिला वाटलं, हेच माझं नाव.
निघताना म्हणाली, थँक यू, हजर.

उपांत्य फेरीत ती हरली.
हॅमिश दोन्ही पुठ्ठे माझ्या दाराशी टाकून गेला,
मी ते एसीच्या फटीत कोंबले.
विमानतळाच्या बसमध्ये चढताना तिनं लांबून हात केला,
हजर! अशी हाक मारली,
आणि मी वळलो.
बू जासिमनं विचारलं, हा आणि कोण?
म्हटलं, मीच.
आणखी एक.