तांबी

मंगळवारची सहावी बाई, नेलिदा कोल्के.
मी स्पेक्युलम कोमट पाण्याखाली धरते,
ती छताकडे बघते.
छतावर कुणीतरी समुद्राचं पोस्टर चिकटवलंय.
कालामात समुद्र नाही, पाऊस तर नाहीच,
वारा आहे, त्याला खाणीची चव.

"दहा वर्षं झाली," ती म्हणते. "कार्ड हरवलं,
पण धाकट्याला पहिला दात आला
त्या आठवड्यात बसवली होतीस."

फाइल जाड आहे.
गोळ्या: कॅम्पच्या धोबीघरात रात्रपाळी,
दिवस कुठला नि रात्र कुठली, दोनदा विसरली.
त्यातला एक विसर आता कॉलेजात जातो, गणितात हुशार.
इंजेक्शन: तीन महिने अंगावरून जात राहिलं.
दंडातली काडी: डोकं ठणकायचं, काढून टाकली.
कंडोम: "ते त्याला विचार," म्हणून हसली होती.
मग ही.

"जरा खोक."
दोरा चिमट्यात येतो
आणि दहा वर्षं एका श्वासात बाहेर.

तार काळवंडलेली, एका अंगाला झिजून केसाएवढी.
ती कोपरावर उठून बघते.
"एवढीच?"
एवढीच.
"ओस्वाल्दो सात-सात दिवस डोंगर खणायचा,
घराएवढ्या चाकांचे ट्रक भरून तांबं निघायचं,
आणि माझ्या वाट्याला हे?"
कुठल्या खाणीतलं कोण जाणे, मी म्हणते.
"आमच्याच. दुसरं कुठलं असणार?"

खणायचा.
माझ्या कानाला ते क्रियापद जरा उशिरा लागतं.
कसा आहे तो?
"दक्षिणेला गेला. मार्चमध्ये. एकटा नाही."

नळ ठिबकतोय, मी नीट बंद केला नव्हता.
चाळिशी उलटलेली, नवरा गेलेला:
अशा फाइलीवर आम्ही पूर्वी एक रेघ मारायचो
आणि पुढच्या बाईला हाक.
मी पेन उचललेलंही आहे.

"लिहितेस काय? नवी बसव.
गेला तो गेला. मी कुठे गेले?"

मी पेन ठेवते. हात पुन्हा धुते, या वेळी नळ घट्ट बंद करते.
पाकीट फाडताना आवाज होतो,
आतली तार नव्या भांड्यासारखी लखलखीत.
जुनी तिला हवी आहे. नियमात बसत नाही.
धुऊन, गॉजमध्ये गुंडाळून
तिच्या कोटाच्या खिशात टाकते.

परत आडवी होते. टाचा रिकिबीत.
समुद्राकडे बघत,
मी सांगायच्या आधीच
खोकते.