दोनशे फूट

सोमवार ते शुक्रवार, रात्री साडेनऊला
बारवेतली बाई घरोघर यायची.
काल शेवटचा भाग झाला,
आणि आज सकाळपासून माझ्या गिरणीवर
डबे ठेवता ठेवता लोक तिचा हिशेब मांडायलेत.

"कामून भ्यायचं तिला?" मन्मथ स्वामी पट्ट्याच्या वरताण ओरडतो,
"बल्ब लावल्यावानी डोळे, घडीघडी साबणाची जाहिरात.
जुन्यात कसं, नुस्ती ओली पावलं.
बाई दिसायच्या आधीच खुर्ची सोडली होती मी."
(खुर्ची कुठली? पुढच्या बाकड्यावर होता,
आणि मग बाकड्याखाली.)

रुक्सानाची पोरगी म्हणते, नवीचे केस भारी आहेत.
अच्युत गुरुजींना बारवच पटली नाही:
"अशा पायऱ्या असतात का आपल्याकडं?
थर्माकोल आहे सगळा. शेवाळसुद्धा रंगवलंय."

एका गोष्टीवर मात्र सगळं सेलू एक आहे.
शेवटी ती पायरीवर बसून जे बोलते,
तेवढं ह्या टीव्हीवाल्यांनी पदरचं घुसडलं.
जुन्यात ती बोलतच नव्हती.
जुन्यात ती फक्त तीनदा कडी वाजवायची.

मी दाणे सोडत राहतो.
पीठ भुवयांवर बसतं.

चंद्रविलासला ऑपरेटर होतो मी, वय एकोणीस.
रात्रीच्या पॅसेंजरनं मानवत रोडची माणसं परत जायची
आणि सिनेमा दोन-अडीच मिनिटं लांबायचा.
स्टेशनाकडं पळता पळता रोज कुणाची तरी चप्पल जायची.
मणियारशेठ म्हणाले, "बाई शेवटी रडगाणं लावती ना,
तेवढं काढ. पब्लिकला भूत पायजे, गाऱ्हाणं नको."

ब्लेडनं काढलं. दोनशे फूट.
टोकाला टोक, मधे डिंक,
दहा आकडे मोजेपर्यंत दाबून धरलं.

त्या रात्रीपासून अकरा आठवडे
तिनं कडी वाजवली की एकदम अंधार.
काय किंचाळायचे लोक!
शेठनं पगारावर पाच रुपये दिले.
आणि खरं सांगतो, बरं वाटायचं.
खिडकीच्या भोकातून खाली बघत
साडेचारशे माणसं एका झटक्यात घाबरवणं
एकोणिसाव्या वर्षी थोडं नसतं.

पेटी परत जाताना तुकडा जोडायचा होता.
टेम्पो आधी आला.
पुढं जिंतूर, गंगाखेड, कुठं कुठं,
ती मुकीच हिंडली.

दुपारी प्रयागबाई आली, पाच किलो ज्वारी.
पट्टा थांबल्यावर बोलली:
"नवीन लगीन होऊन आलते, तव्हा पाहिलता तो शिनेमा.
चाळीस वर्षं रात्री मागचं दार उघडलं नाई बघा.
कडी वाजली की तीच.
आन् काल म्हणली ती, मी पडले नव्हते,
कंदील धरणारा हात माझ्या भावाचा होता.
भीतीच गेली हो माझी. नुस्तं वाईट वाटलं.
एवढंच सांगायला येत होती का बिचारी?
जुन्यात कामून नाई ठेवलं?"

मी विचारलं, बारीक का जाड.

रात्री बिस्किटाचा डबा उघडला.
सिरक्यासारखा वास.
फिल्म कडक झालेली, उन्हातल्या पापडासारखी वाकलेली.
बल्बासमोर धरली तर चौकटीमागून चौकट
तिचं तोंड आधीपेक्षा जरासं जास्त उघडं.
काठाला आवाजाची पांढरी रेघ,
कुठं रुंद, कुठं केसाएवढी.
ह्यात 'भाऊ' कुठला, ते शोधत बसलो.

आतून बायको म्हणाली, "पुन्हा दाखवायलेत शेवटचा भाग, या."
म्हणलं, तू बघ. मला माहीत आहे.

माहीत नव्हतं.
ते दोनशे फूट मी एकदाच ऐकले होते,
कुठून कापायचं, तेवढ्यापुरते.