एक किलोच्या पाकिटाबरोबर

सेन्योर बेरनाल,
तुम्ही एक किलो मागवलंत, मी अर्धाच पाठवते आहे.
उरलेले पैसे चिठ्ठीच्या मागे चिकटपट्टीने लावलेत.

बरणीवर जे छापलंय ते माझ्या पुतण्याचं डोकं:
‘शक्ती’, ‘चैतन्य’ आणि एक पळणारी बाई.
आमच्या डोंगरात कुणी बाई पळत नाही.
चढच तसा आहे.

पेटीच्या दारात आम्ही जाळी बसवतो.
भोक माशीच्या अंगाएवढं, वर केसभर सैल.
ती आत शिरते, आणि मागच्या पायांवर बांधून आणलेल्या
दोन गोळ्या निखळून खालच्या खणात पडतात.
जकात म्हणा.
ती वळून बघत नाही.
रिकाम्या पायांनी आत जाते, पुन्हा निघते
त्याच झुडपाकडे.

नारिंगी दाणे खाराचे.
पांढरं फूल, पाकळीच्या बुडाशी रक्ताचा ठिपका,
पानं इतकी चिकट की बकऱ्यांच्या दाढीचे केस जुळतात.
एखादा काळानिळा दाणा दिसेल,
किडका समजून फेकू नका;
एप्रिलअखेर ओढ्याकाठी एक खरखरीत तण फुलतं, त्याचा आहे.
मी रात्री रेडिओ लावून चिमट्याने निवडते:
माशीचा पाय, अर्धा पंख, मुंगी.
एखादा पाय राहून गेला असेल तर माफ करा.
चष्मा जुना झालाय.

हे औषध नाही, सेन्योर.
हे त्यांच्या पोरांचं खाणं.

तुम्ही लिहिलंत, बायकोची भूक मेलीय,
पाणीसुद्धा पत्र्यासारखं लागतं,
आणि डॉक्टर बोलताना पडद्याकडे बघतात.
तरी त्यांनाच विचारा.
पडद्याकडे बघत सांगितलं तरी ऐका.
हो म्हणाले तर दोन दाणे. जिभेवर. दोनच.
घसा खाजला, ओठ सुजला, तर तिथेच थांबा,
आणि उरलेलं मला परत पाठवा. मी रागावणार नाही.

माझा अबुंदियो रोज सकाळी चमचाभर खायचा,
एकोणचाळीस वर्षं,
आणि अंगणात बूट चढवता चढवता गेला.
एकच चढला होता.
हे मी गिऱ्हाइकांना सांगत नाही.

त्यानंतर अकरा दिवस मी वर डोंगरावर गेले नाही.
आमचा नेम होता: तीन दिवस जाळी, चार दिवस मोकळं दार.
तो म्हणायचा, चोरापेक्षा कमी घ्यावं,
पाहुण्यापेक्षा थोडं जास्त.
अकरा दिवस जाळ्या तशाच.
बाराव्या दिवशी बघते तर खण ओसंडलेले, वर बुरशीची साय,
आणि सातव्या पेटीच्या उंबऱ्यावर पांढऱ्या अळ्या,
त्यांनीच ओढून बाहेर टाकलेल्या.
घालायला काही नसलं की त्या असं करतात.
मी तिथेच दगडावर बसले.
तो गेल्यावर रडले नव्हते. तिथे रडले.

मग चांगलं होतं तेवढं घरी आणलं,
साखरेच्या पाकात मळलं, पावाची कणीक मळतात तसं,
थापून चौकटींवर ठेवलं.
त्यांचंच, त्यांना.
महिन्या-दीड महिन्यानं सातव्या पेटीच्या दारात कोवळ्या माश्या,
नुकत्या झोपेतून उठलेल्या,
अंगावरची लव अजून ओलसर.
हे खाऊन कुणी उभं राहिलं
असं मी तेवढं एकदाच पाहिलंय.
त्याची शपथ घेईन. बरणीवरच्या बाईची नाही.

किलो संपायला फार दिवस लागतात, म्हणून अर्धा.
संपला की लिहा.
अक्षर तिचं असलं तर फार बरं.

एउतिमिया, लास उर्देस

ता. क.
झाकण घट्ट लावा. चमचा कोरडा हवा.
तिला नुसतं गिळवत नसेल तर भाजलेल्या सफरचंदावर घाला,
ते थंड झाल्यावर.