हातचा

आमच्या गावाचं नाव झिम्नोवोदा,
म्हणजे थंड पाणी.
आणि खाली, बंद पडलेल्या खाणीत,
सहाशे मीटरवर
चोवीस अंशांचं पाणी साठलेलं.
पंप ते उपसतो, नदीत ओततो.
ऐन जानेवारीत तेवढ्याच जागी बर्फ धरत नाही.
बदकांना हे आमच्या वीस वर्षं आधी कळलं होतं.

मी नगरपालिकेची हिशेबनीस.
राजधानीतून अर्ज आला, एकशे बारा पानांचा.
पान सत्त्याण्णव : स्वहिस्सा, पंधरा टक्के.
सगळ्याची सोंगं आणता येतात,
असं मी म्हणायला गेले, तर नगराध्यक्षा कोर्नेलिया म्हणाली,
पुढचं मला पाठ आहे, तू आकडा सांग.
आकडा सांगितला.
ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

मग सल्लागार आला, भारी बुटांचा, नकाशा घेऊन.
निळी रेघ नव्या वसाहतीपासून निघत होती.
इथे पाइप आखूड, मीटरमागे खर्च कमी, तो म्हणाला.
रुळांपलीकडे लाल विटांच्या चाळी,
तिथे नकाशावर खुणांची सूची छापली होती.
कोर्नेलियानं त्या चौकोनावर नख टेकवलं :
ह्याच्या खाली कोण राहतं?

गेरट्रूडा राहते.
खाणकामगाराची विधवा म्हणून तिला वर्षाला तीन टन कोळसा मिळतो.
माणूस गेला, त्याचा कोळसा येत राहिला.
ऑक्टोबरात तळघराच्या खिडकीतून घरंगळतो
तेव्हा ती म्हणते, आले.

हे कुठल्या रकान्यात लिहू?

सभा अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये झाली,
कारण तिथली शेगडी चालू होती.
जुने बोगदे कुठे वळतात
ते कार्यालयातल्या कागदांवर नव्हतं.
म्हातारा आलोइझ गुडघ्यांवर बसला, खडूनं फरशीवर काढत गेला,
टेबलाखालून, माणसांच्या पायांमधून,
आम्ही पाय उचलत होतो.
शेवटी उठताना त्यानं विचारलं :
माझा पोरगा अजून खाली उतरतो, शेजारच्या खाणीत.
ती बंद होईल तेव्हा
तुमच्या ह्या पंपावर किती जण?
कोर्नेलियानं माझ्याकडे पाहिलं.
मी दोनदा मोजलं होतं.
अकरा, म्हणाले.
तिथे नऊशे आहेत, तो म्हणाला,
आणि खडू खिशात टाकला, पालिकेचा होता तरी.

त्या रात्री ठरावात दोन ओळी वाढल्या :
पाइप चाळींपासून निघेल.
अकरा जागा आधी खाणीतल्या माणसांना.
नऊशेंबद्दल ओळ लिहिली, खोडली,
पुन्हा लिहिली. ती अजून मसुद्यात आहे.

नगरपालिकेनं रोखे काढले, दोनशे झ्लॉटींचा एक.
बेकरीवाल्यानं चार घेतले, चारदा सही केली.
तीन वर्षांचे नववर्षाचे फटाके रद्द.
दफनभूमीच्या भिंतीची डागडुजी पुढे ढकलली,
आतल्यांची हरकत आली नाही.
गेरट्रूडा डबा घेऊन आली, बिस्किटांचा, जुना.
एका हिवाळ्याचा कोळसा विकून आलेले पैसे.
मोजून घे, म्हणाली,
मला तुमच्यावर विश्वास नाही, पण आकडेमोड येते.
मी मोजले. एक नाणं जास्त होतं.
परत दिलं तर तिनं घेतलं.

दुसऱ्या वर्षीच्या थंडीत
तिच्या भिंतीवरचा रेडिएटर पहिल्यांदा तापला.
तिनं तळवा टेकवला, बराच वेळ ठेवला.
कोमटच आहे, म्हणाली.
चुलीशेजारी कोळशाची बादली काठोकाठ भरलेली,
वर इस्त्री केलेलं फडकं.
मी काही विचारलं नाही.

संध्याकाळी वही उघडली.
बेरीज जमली होती.
वरच्या कोपऱ्यात पेन्सिलनं लिहिलेला
तो बारीकसा हातचा
खोडरबरानं पुसायचा असतो.
मी खोडरबर शोधत राहिले,
ड्रॉवरमध्ये होता,
तरी शोधत राहिले.